पावसानंतरचा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न, दुकानाची उत्तरं

या सदराची उत्तरं रत्नागिरी जिल्ह्यातलं एक छोटं कॉम्प्युटर दुकान देतं. गणपती आटोपल्यापासून तिथल्या टेबलावर तीन प्रकारची कामं पडून आहेत : चार महिने बंद घरात राहिलेले डेस्कटॉप, विजेने गेलेले राउटर, आणि विंडोज १० चं पुढे काय, हा प्रश्न. दसऱ्यापासून दर रविवारी सकाळी १० ते १ दुकानातलं एक टेबल गावासाठी मोकळं असेल. स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर, ब्लोअर दुकानाचा, हात तुमचे. बघून सांगण्याचे पैसे नाहीत, पार्ट लागला तर फक्त पार्टचे. जुनी रॅम, चालू एसएमपीएस (भिंतीवरची वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणारा डबा), कीबोर्ड यांची एक फळी ठेवली आहे. लागेल त्याने न्यावं, पडून असेल त्याने आणून ठेवावं. यंत्र दुरुस्तीला असताना ज्यांचा परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडतो, अशा मुलांसाठी दोन जुने लॅपटॉपही आहेत.

प्रश्न : गुहागरजवळचं आमचं घर जूनपासून बंद आहे. दिवाळीत येऊ तेव्हा डेस्कटॉप सुरू करायचा आहे. गेल्या वर्षी बटण दाबताच फट् आवाज झाला आणि एसएमपीएस गेला. यंदा काय करू?

उत्तर : घरात शिरल्याबरोबर प्लग लावू नका, हे पहिलं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धुळीबरोबर पेटीत जाऊन बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवा दिवसचे दिवस त्याहून दमट असते. म्हणजे धुळीचा थर ओला आणि वीज वाहून नेणारा होतो. एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टची एसी वळून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते. त्या दाबाला ओली धूळ, झुरळाची विष्ठा किंवा आत मेलेली पाल एवढं निमित्त पुरतं. शिवाय नुसता प्लग लावून भिंतीवरचं बटण चालू केलं तरी एसएमपीएसचा स्टँडबाय भाग जिवंत होतो, कॅबिनेटचं बटण दाबायची गरजच नसते.

तेव्हा आधी बाजूचा पत्रा काढून पेटी एक पूर्ण दिवस पडवीत वाऱ्यावर ठेवा. थेट उन्हात नको, सावलीतली ऑक्टोबरची हवा पुरते. घाई असेल तर टेबल फॅनसमोर चार-पाच तास. हेअर ड्रायर गरम करून मारू नये. प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात आणि ओल आणखी आत ढकलली जाते.

मग एक इंची मऊ रंगाचा ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं, आणि फिरता पंखा उलट वीज तयार करून मदरबोर्डकडे पाठवू शकतो. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा. पॉलिश पेपर कधीही नाही; सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की खालचं धातू पुढच्या पावसात काळं पडतंच.

मदरबोर्डवर पांढरट किंवा हिरवट डाग दिसले तर बहुतेक जण ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासतात, आणि डाग तसाच राहतो. कारण साधं आहे : शुद्ध अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही. आधी ७ भाग अल्कोहोल आणि ३ भाग डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच) असं मिश्रण करून जुन्या टूथब्रशने डाग काढा, मग ९९ टक्केवाल्याने पुसा म्हणजे पाणी निघून जाईल. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर ठेवतं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून देवाचा दिवा त्याच खोलीत असेल तर आधी शांत होऊ द्या. खिडकी उघडी हवी, आणि पुसल्यावर निदान अर्धा तास वीज जोडायची नाही.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. बंद असतानाही त्याचे कपॅसिटर भारलेले राहू शकतात. जाळीतून टॉर्च मारून बघा. मुंग्यांची माती, लेंड्या किंवा जळका वास असेल तर बदलून टाका, त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. वरून स्वच्छ दिसत असेल तर मदरबोर्डपासून सोडवून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरशी तारेच्या तुकड्याने जोडा आणि मग वीज द्या. पंखा फिरला पाहिजे आणि मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला ११.४ ते १२.६, लालला ४.७५ ते ५.२५, नारिंगीला ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसले पाहिजेत. रीडिंग याबाहेर असेल तर तो बोर्डला जोडू नये. (काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, त्या दुकानातच तपासून घ्या.)

शेवटी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. सेल गेलेल्या यंत्राची तारीख मागे जाते, आणि मग प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. सेल काढण्यापूर्वी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं यंत्राच्या मूळ सेटिंगचं पान) उघडत असेल तर त्यातल्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो घ्या. सेल निघाल्यावर सेटिंग मूळ पदावर जातं, हार्ड डिस्कचा मोड बदलतो आणि चांगलं विंडोज सुरू व्हायचं थांबतं.

पहिल्यांदा सुरू करताना एकच रॅम, कीबोर्ड आणि मॉनिटर, बाकी काही नाही. चाललं की एकेक जोडत जा. चालू होऊन लगेच बंद, पुन्हा चालू, असं होत असेल तर आधी रॅम दुसऱ्या खाचेत लावून बघा.

प्रश्न : वादळी पाऊस आला की आम्ही स्पाइक गार्डचं बटण बंद करतो. तरी दोन वर्षांत दोन राउटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) गेला. स्पाइक गार्ड नकली आहे का? (लांजा)

उत्तर : गार्ड खरा असेल, अर्थिंग खोटं असेल. स्पाइक गार्डमधला एमओव्ही नावाचा छोटा भाग जादा दाब अर्थच्या वायरीत ढकलतो. प्लगची तिसरी पिन भिंतीत कुठेच जोडलेली नसेल, आणि जुन्या घरांत ती बऱ्याचदा नसते, तर ढकलायला जागाच नाही. बटण बंद केल्याने फार तर फेजची वायर तुटते, तीही मिलिमीटरभर अंतराने. वीज ढगातून जमिनीपर्यंत आलेली असते, तिला तेवढं अंतर काहीच नाही. प्लग उपटून बाजूला ठेवणं हाच उपाय.

आणि खरा चोर बहुतेक वेळा दुसऱ्या दाराने येतो. डीव्हीआर गेला म्हणता, म्हणजे कॅमेऱ्याच्या वायरी अंगणातून, गोठ्यावरून किंवा नारळाच्या झाडावरून आल्या असणार. जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या वायरीत दाब उठतो आणि तो थेट पोर्टमध्ये शिरतो. लॅनच्या वायरीचंही तेच. म्हणून गडगडाट ऐकू येताच विजेच्या प्लगबरोबर लॅनची आणि कॅमेऱ्याच्या वायरीही काढायच्या. घर आणि बागेतली खोली अशी दोन इमारतींत जोडणी हवी असेल तर तांब्याऐवजी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडून देणारा डबा) घाला. फायबरची काच वीज वाहत नाही. पण इंटरनेटवाल्याच्या काळ्या केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार असते, ती मोडेमपर्यंत आत आणलेली आढळते. ती तार घराबाहेरच हुकाला बांधून तिथेच कापून घ्या, आत फक्त फायबर येऊ द्या. पाच मिनिटांचं काम आहे, केबलवाल्याकडून हट्टाने करून घ्या.

आता अर्थिंग. जांभ्याच्या सड्यावर घर असेल तर कातळ विजेला सहज वाट देत नाही, आणि मार्चपासून कोरडा पडला की आणखीच नाही. अडीच-तीन मीटर खोल रॉड किंवा प्लेट, भोवती मीठ-कोळसा किंवा बेंटोनाइट, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी; एवढं झालं नाही तर अर्थिंग कागदावरच राहतं. प्राथमिक तपास मल्टिमीटरने होतो : फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल जवळपास सारखं दिसायला हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण हे बरोबर आलं म्हणजे खड्डा चांगला असं नव्हे; ते अर्थ टेस्टरच सांगतो. परवानाधारक वायरमनला आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे करून द्या असं म्हणा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप जवळपासच्या विजेची सूचना देतं. परतीच्या पावसात दुपारनंतर ते उघडून बघायची सवय बरी.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेला मुंबईच्या मंडळाने सहा डेस्कटॉप दिले. आय-३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, विंडोज १०. आता ते निकामी होणार असं ऐकतो. (राजापूर)

उत्तर : निकामी काहीच होणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या मोफत सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ होती. त्यानंतरही यंत्र चालतं, फक्त नव्याने सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. विंडोज ११ या यंत्रांवर रीतसर बसणार नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर. आडवाटेने बसवून देणारे भेटतील. शाळेसाठी ते करू नये, पुढचं अपडेट कधी अडेल ते सांगता येत नाही.

घरच्या यंत्राला एक वर्षाची मुदत मिळू शकते. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा येतो. सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट होते आणि अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येत राहतात. बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर करत असाल तर आजच करा.

शाळेला मात्र विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे लागत नाहीत, आणि ती ४ जीबीवर चालते. तरी प्रत्येक पेटीत दोन गोष्टी वाढवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो : २४० किंवा २५६ जीबीची सॅटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), आणि रॅम ८ जीबी. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी घ्या, रॅम नंतर. चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपला डीडीआर३ रॅम लागते, डीडीआर४ खाचेत बसतच नाही. नवी घेऊ नका, ही रॅम जुन्या यंत्रांतून हवी तेवढी निघते.

कृती अशी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये) रुफस किंवा एचर हे प्रोग्राम वापरून उतरवा; नुसती कॉपी केली तर बूट होणार नाही. यंत्र सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे वेगळं) दाबून पेनड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच अर्धा तास चालवा आणि आवाज, वायफाय, प्रिंटर तपासा. अडलं तर बहुधा प्रिंटर अडतो. सगळं ठीक वाटलं की इन्स्टॉल करा. डिस्क पुसली जाते, तेव्हा आधीचं काही हवं असेल तर काढून घ्या. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत मराठीचे दोन प्रकार दिसतात, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण अक्षररचना) आणि उच्चारानुसार. मुलांना पहिल्यापासून इनस्क्रिप्ट शिकवा. सुरुवातीचे पंधरा दिवस शिक्षक कुरकुरतील, मुलं नाही. लहान वर्गांसाठी जीकॉम्प्रिस हा शैक्षणिक खेळांचा संच टाका, ते इंटरनेटशिवाय चालतं.

मंडळांना एक विनंती : यंत्र देण्यापूर्वी डिस्क पुसून द्या. विंडोजच्या रीसेटमध्ये ‘सगळं काढा’ निवडून पुढे ‘डेटा साफ करा’ हाही पर्याय चालू करायचा असतो, तो लोक विसरतात आणि कुणाचे तरी पॅन कार्ड शाळेत पोचतात.

प्रश्न : दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस मिनिटभरही टिकत नाही. नवा घ्यावा का? (देवगड)

उत्तर : नवी बॅटरी घ्या, यूपीएस नव्हे. आत १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांची धनी. रात्रभर चार्ज करून, यूपीएस बंद करून काही तासांनी मोजा : १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२ च्या खाली म्हणजे चार्ज धरत नाही. नंतर यूपीएसवर १०० वॉटचा साधा बल्ब लावून भिंतीचा प्लग काढा. दोन मिनिटांत बॅटरी १०.५ च्या खाली आली तर ती संपली. बदलताना लाल वायर प्लसला, काळी मायनसला, आणि टॅब घट्ट बसले आहेत ना ते ओढून बघा. जास्त वेळ मिळावा म्हणून गाडीची मोठी बॅटरी जोडण्याचा उद्योग करू नका. आतला ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा मिनिटांपुरताच बनवलेला असतो, तासभर चालला तर तो तापून जळतो, आणि एवढासा चार्जर मोठी बॅटरी कधी भरतही नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर काढा. कागद तापवताना तो हजार वॉटच्या घरात ओढतो.

दुकान पावसात बंद ठेवत असाल तर दर तीन महिन्यांनी एकदा रात्रभर चार्ज करावं. रिकामी पडलेली बॅटरी आतून सल्फेट धरते आणि मग उठत नाही. जुनी बॅटरी भंगारात फुंकू नका, विक्रेता शिशाचे पैसे वजा करून घेतो.

प्रश्न : लॅपटॉपचा टचपॅड वर आला आहे, झाकण नीट बसत नाही. चालतो मात्र उत्तम.

उत्तर : आत्ता बंद करा आणि चार्जर काढा. खालची लिथियम बॅटरी फुगली आहे. दाबून झाकण लावू नका, टाचणीने हवा काढू नका. भोक पडलं तर ती पेटते आणि पाण्याने सहज विझत नाही. बॅटरी काढता येत नसेल तर लॅपटॉप तसाच, दरवाजाबाहेर, कोरड्या वाळूच्या घमेल्यात, पावसापासून आडोशाला ठेवा. कुरिअरने पाठवू नये. दुकानात घेऊन या, पण गाडीच्या उन्हात तापलेल्या डिकीतून नव्हे.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या पेढीचा कॉम्प्युटर बुडाला. हार्ड डिस्क अजून ठेवली आहे. हिशोब निघतील का? आणि पुढे काय काळजी घ्यावी? (चिपळूण)

उत्तर : इतक्या वर्षांनी आशा थोडी, पण शून्य नाही. अट एकच : त्या डिस्कला कुणीही ‘चालते का बघू’ म्हणून वीज दिलेली नसावी. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, पुराचं गाळाचं पाणी तिथून आत जातं. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. वाळलेल्या गाळाचा एक कण तिथे पुरे. डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या आणि आधी फक्त तपासणीचा दर विचारा. गावातल्या दुकानात, आमच्याही, ती उघडून घेऊ नका.

पुन्हा कधी डिस्क बुडाली तर उन्हात वाळवू नये, हे उलटं वाटेल. ओली असतानाच ओल्या फडक्यासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून प्रयोगशाळेला पाठवायची, म्हणजे गाळ तबकडीवर वाळून चिकटत नाही. तांदळाच्या डब्यात घालण्याने काहीही होत नाही, मोबाईललाही नाही.

पुढची काळजी डिस्कची नको, प्रतींची घ्या. हिशोबाच्या तीन प्रती : एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक गावाबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा वरच्या आळीतल्या नातेवाइकाकडे. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवली तर ती प्रत धरू नका. वीज आणि व्हायरस दोन्ही तिच्यापर्यंत पोचतात. दर महिन्याला एक फाइल खरोखर परत उघडून बघा. टेबलावरची पेटी २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर ठेवता येत नसेल तर निदान जून ते सप्टेंबर माळ्यावर हलवता येईल असा लॅपटॉप बरा.

प्रश्न : खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करतो. काही बाधा?

उत्तर : यंत्र बंद, प्लग बाहेर, मग खुशाल करा. हळदकुंकू पेटीच्या वरच्या पत्र्यावर, कीबोर्डवर नाही. अक्षतांचा दाणा लॅपटॉपच्या की-खाली गेला की ती की दाबली जात नाही, आणि जोर लावला तर तुटते. झेंडूची माळ पंख्याच्या जाळीवर घालू नका, घातलीच तर सुरू करण्यापूर्वी काढा. पाणी शिंपडायचं ते टेबलावर.

प्रश्न : डिजिटल सहीचा सातबारा उतरवला की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. बँक म्हणते सही खोटी आहे. (मालवण)

उत्तर : सही खोटी नाही, तुमच्या कॉम्प्युटरला ती कुणाची हे माहीत नाही. फाइल मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये नाही, अॅडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर उजवं क्लिक करून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’, तिथे ‘ट्रस्ट’ या पानावर ‘अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, ओके, आणि परत येऊन ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. हिरवी खूण येते. त्याच अधिकाऱ्याच्या त्याच सहीसाठी एका यंत्रावर एकदाच करावं लागतं. हे फक्त स्वतः सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलबाबत करा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या अनोळखी पीडीएफच्या सहीवर कधीही विश्वास नोंदवू नका. प्रिंटवर खूण हिरवी आहे की पिवळी याला अर्थ नसतो, कारण तपासणी फाइलचीच होते. बँकेला उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक दाखवा आणि तो भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे टाकून बघायला सांगा.